मिश्र युद्धकला : गुणदान व निर्णयविवाद

मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्यूदो, जुजुत्सू, थाई मुष्टियुद्ध इ. निरनिराळ्या युद्धप्रकारांतील डावपेच एकाच लढतीत वापरण्याची मुभा असलेल्या आधुनिक व्यावसायिक क्रीडाप्रकारास मिश्र युद्धकला किंवा मिक्स्ड मार्शल आर्ट्स असे म्हणतात. या लढतीचा निकाल मुख्यतः तीन प्रकारांनी लागतो. प्रहाराने प्रतिस्पर्धी निपचित पडतो किंवा तो स्वतःचा बचाव करू शकत नाही असे पाहून पंच लढत थांबवितो, हा एक प्रकार; गळफास वा सांध्याची मुरड असह्य होऊन प्रतिस्पर्धी हाताने थोपटून शरण येतो, हा दुसरा; आणि नियत वेळ संपेपर्यंत यांपैकी काहीच न घडल्यास रिंगणाबाहेर बसलेले तीन परीक्षक आपापल्या गुणपत्रिकांवरून विजेता ठरवितात, हा तिसरा. पहिल्या दोन प्रकारांत मतभेदाला जागा थोडी असते. तिसऱ्या प्रकाराने दिलेले निर्णय मात्र वारंवार विवाद्य ठरले आहेत. हे विवाद परीक्षकांच्या अज्ञानातून वा पक्षपातातून उद्भवतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अगदी निराधार नसला, तरी त्यांचे मूळ बहुतांशी गुणदानाच्या पद्धतीतच आहे, असे या पद्धतीचा इतिहास पाहता दिसून येते.

इतिहास : अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर येथे १२ नोव्हेंबर १९९३ रोजी ‘अल्टिमेट फायटिंग चँपियनशिप’ (यूएफसी) ही स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा परीक्षक नव्हते आणि त्यांची उणीव कोणाला जाणवलीही नाही. कोणता युद्धप्रकार श्रेष्ठ, या प्रश्नाचा प्रत्यक्ष झुंजीने निवाडा करावयाचा, एवढाच तिचा हेतू होता. वजनगट नव्हते, चावणे, डोळ्यांत बोटे घालणे अशा मोजक्याच गोष्टींना मज्जाव होता. ब्राझीलियन जुजुत्सूचा पुरस्कर्ता रॉइस ग्रेसी हा शरीराने फारसा धिप्पाड नसलेला लढवय्या एकाच रात्री तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणून विजयी झाला. महाराष्ट्रातील निकाली कुस्तीच्या परंपरेशी परिचित असलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, तेथे गुणांचा हिशेब कोणी मागत नाही.

या व्यवस्थेत बदल घडवून आणला, तो दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाने. डिसेंबर १९९४ मधील चौथ्या स्पर्धेत ग्रेसी व कुस्तीगीर डॅन सेव्हर्न यांची अंतिम झुंज पंधरा मिनिटांहून अधिक लांबली. प्रक्षेपणासाठी राखून ठेवलेले दोन तास तोपर्यंत संपले होते. त्यामुळे शुल्क भरून घरी बसलेल्या अनेक प्रेक्षकांना झुंजीचा शेवट पाहावयास मिळालाच नाही. परिणामी, एप्रिल १९९५ मधील पाचव्या स्पर्धेपासून कालमर्यादा घालण्यात आली. तथापि मर्यादा संपल्यावर निर्णय कोणी द्यावयाचा, याची तरतूद कोणीच केली नव्हती. ग्रेसी व केन शॅमरॉक यांची बहुचर्चित लढत वाढीव वेळ धरून सु. ३६ मिनिटे चालली आणि बरोबरीत सोडवावी लागली. प्रेक्षकांची निराशा झाली. अखेरीस डिसेंबर १९९५ मधील स्पर्धेत प्रथमच परीक्षक नेमण्यात आले. परीक्षकांचे पद हे अशा रीतीने खेळाच्या आंतरिक गरजेतून नव्हे, तर प्रक्षेपणाच्या घड्याळातून जन्मास आले. आरंभी हे परीक्षक संपूर्ण लढतीचा एकत्रित विचार करीत व ज्याची सरशी झाली असे त्यांना वाटे त्याचे नाव देत.

दरम्यान या खेळाविरुद्ध राजकीय वादळ उठले. ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मकेन यांनी १९९६ च्या सुमारास त्याची संभावना ‘माणसांची कोंबडझुंज’ अशा शब्दांत केली आणि सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे पाठवून बंदीची मागणी केली. अनेक राज्यांनी ती मान्य केली. तग धरावयाचा, तर सरकारी नियमन पत्करणे भाग होते. अमेरिकेत असे नियमन राज्यवार क्रीडा आयोगांकडे असून त्या आयोगांचा सारा अनुभव मुष्टियुद्धाचा होता. जुलै १९९९ मध्ये आयोवा राज्यातील स्पर्धेत पाच मिनिटांच्या फेऱ्या व मुष्टियुद्धातील दहा-गुणी पद्धत यूएफसीने स्वीकारली. न्यू जर्सीच्या नियामक मंडळाने २००० साली अशा लढतींना मान्यता देण्यास सुरुवात केली आणि ३ एप्रिल २००१ रोजी तेथे झालेल्या बैठकीतून एकसूत्री नियमांचा मसुदा तयार झाला. नेव्हाडानेही त्याच वर्षी या खेळास मान्यता दिली. पुढे २००९ मध्ये मुष्टियुद्ध आयोगांच्या संघटनेने हे नियम अधिकृतपणे अंगीकारले. खेळ वाचला; पण मुष्टियुद्धाची गुणपत्रिका आणि प्रारंभीच्या काळात बरेचसे परीक्षकही त्याच्या वाट्यास आले.

गुणदानाची पद्धत : प्रत्येक परीक्षक प्रत्येक फेरीचे गुण स्वतंत्रपणे देतो. फेरी जिंकणाऱ्यास १० आणि हरणाऱ्यास ९ किंवा त्याहून कमी गुण मिळतात. निसटती सरशी असो वा स्पष्ट सरशी, सर्वसाधारण फेरीस १०–९ असेच गुण पडतात. मोठे वर्चस्व असल्यास १०–८, तर पूर्ण धूळधाण उडाल्यास १०–७ दिले जातात. दोन्ही बाजू खरोखरच समान असल्यास १०–१० देण्याची मुभा आहे, परंतु ती फार क्वचित वापरली जाते. सामान्य लढत तीन फेऱ्यांची, तर अजिंक्यपदाची पाच फेऱ्यांची असते. फेरी संपताच परीक्षकाकडून गुणपत्रिका काढून घेतली जाते. नंतर विचार बदलण्याची सोय त्याला नसते. तिघांचे मत जुळल्यास निर्णय एकमताचा, दोघांचे एक व तिसऱ्याचे त्याविरुद्ध असल्यास तो विभाजित म्हणविला जातो.

मुष्टियुद्धात हीच पद्धत बऱ्यापैकी चालते, याचे कारण साधे आहे. अजिंक्यपदाच्या मुष्टियुद्धात पुरुषांच्या बारा फेऱ्या असतात. एखाद्या फेरीत परीक्षकाची चूक झाली, तरी उरलेल्या अकरा फेऱ्यांत ती बुजून जाण्याचा संभव असतो. तीन फेऱ्यांच्या लढतीत मात्र एका फेरीवर निकालाचा तिसरा हिस्सा अवलंबून राहतो. शिवाय पहिल्या दोन फेऱ्या केसभर फरकाने जिंकणारा आणि तिसऱ्या फेरीत रक्तबंबाळ होऊन कसाबसा उभा राहणारा लढवय्या, तिसरी फेरी १०–९ अशी गणली गेल्यास, २९–२८ असा विजयी ठरतो. नियमांच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. मात्र प्रेक्षक पंधरा मिनिटांची एक सलग लढत पाहतो, तर परीक्षक पाच-पाच मिनिटांच्या तीन स्वतंत्र लढती पाहतो; बहुतेक वादंगांचे बीज या दृष्टिभेदात आहे.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी लास व्हेगास येथे झालेली झॉर्झ सँ-प्येर व जॉनी हेन्ड्रिक्स यांची अजिंक्यपदाची लढत या दृष्टीने उद्बोधक आहे. लढत संपली तेव्हा विजेत्या सँ-प्येरचा चेहरा सुजून विद्रूप झाला होता, तर पराभूत हेन्ड्रिक्सच्या चेहऱ्यावर त्या मानाने खुणा थोड्या होत्या. निर्णय विभाजित होता : दोन परीक्षकांनी ४८–४७ असा सँ-प्येरच्या बाजूने, तर एकाने तसाच हेन्ड्रिक्सच्या बाजूने कौल दिला. दुसरी व चौथी फेरी हेन्ड्रिक्सची आणि तिसरी व पाचवी सँ-प्येरची, याविषयी तिघांचेही एकमत होते. प्रश्न उरला तो केवळ पहिल्या फेरीचा, आणि ती फेरी अगदी अटीतटीची होती. हेन्ड्रिक्सच्या फेऱ्यांतील मारा अधिक तीव्र होता असे मानले, तरी त्या तीव्रतेची नोंद १०–९ या आकड्यांत होऊ शकत नाही. यूएफसीच्या अध्यक्षांनी निर्णयावर उघड संताप व्यक्त केला. सँ-प्येरने महिन्याभरातच अजिंक्यपद सोडून विश्रांती पत्करली. रिक्त पद मार्च २०१४ मध्ये हेन्ड्रिक्सने मिळविले.

मग १०–८ चा वापर अधिक मोकळेपणाने करावा, असा उपाय सुचतो. तो करून पाहण्यात आला. मुष्टियुद्ध आयोगांच्या संघटनेने २०१६ साली संमत केलेल्या व १ जानेवारी २०१७ पासून अंमलात आलेल्या सुधारणेनुसार प्रहारांचा परिणाम, वर्चस्व व त्या वर्चस्वाचा कालावधी या तीन कसोट्यांवर १०–८ चा विचार करावयाचा असतो. परंतु एका गुणाचा हा जादा फरक पाच फेऱ्यांच्या हिशेबात किती जड ठरतो, याचा प्रत्यय १६ सप्टेंबर २०२३ रोजी आलेक्सा ग्रासो व व्हॅलेंटिना शेवचेंको यांच्या लढतीत आला. एका परीक्षकाने ४८–४७ असे शेवचेंकोला, दुसऱ्याने तितकेच ग्रासोला दिले. तिसऱ्याच्या मते तीन फेऱ्या शेवचेंकोच्या व दोन ग्रासोच्या होत्या. मात्र शेवटची फेरी त्याने ग्रासोला १०–८ अशी दिल्याने त्याची बेरीज ४७–४७ झाली. लढत बरोबरीत सुटली आणि अजिंक्यपद ग्रासोकडेच राहिले. ती एक फेरी १०–९ अशी गणली असती, तर शेवचेंको विजयी झाली असती. तिला पद परत मिळण्यास सप्टेंबर २०२४ उजाडावा लागला. त्या वेळी तिचा विजय निर्विवाद होता.

निकषांची अडचण : फेरी कोणी जिंकली हे कशावरून ठरवावयाचे, हा यापुढील प्रश्न आणि तो अधिक बिकट आहे. मुष्टियुद्धात ठोसा एवढे एकच हत्यार असते. मिश्र युद्धकलेत ठोसा, लाथ, कोपर, गुडघा, पट काढून खाली पाडणे, वर बसून कब्जा घेणे, गळफास लावण्याचा प्रयत्न इ. कितीतरी गोष्टी घडतात. एक प्रभावी ठोसा किती पटांच्या बरोबरीचा? याला कोष्टक नाही. ऑलिंपिक कुस्तीप्रमाणे प्रत्येक डावाला ठराविक गुण देणेही शक्य दिसत नाही, कारण येथे एकाच डावाचे मोल प्रसंगानुसार बदलते. पट काढून प्रतिस्पर्ध्याला पाडणारा लढवय्या स्वतःच त्याच्या पायांच्या पेचात सापडून गळफासात अडकू शकतो. वर असलेला जिंकतो आहे, ही कुस्तीच्या प्रेक्षकाची स्वाभाविक समजूत जुजुत्सूपुढे टिकत नाही. आणि केवळ मुष्टियुद्ध जाणणाऱ्या परीक्षकास जमिनीवरील झटापटीत कोण कोणावर मात करीत आहे, हे उमगणेच कठीण जाई.

जुन्या नियमांत परिणामकारक प्रहार, परिणामकारक धरपकड, आक्रमकता व रिंगणावरील नियंत्रण असे निकष एकापुढे एक दिलेले होते. सगळ्यांचा थोडाथोडा विचार करावयाचा, की क्रमाने, हे परीक्षकागणिक बदले. २०१७ च्या सुधारणेने हा क्रम पक्का केला : आधी प्रहार व धरपकड यांचा लढत संपविण्याच्या दृष्टीने झालेला परिणाम पाहावयाचा, त्यात दोघे अगदी समान असतील तरच आक्रमकतेकडे वळावयाचे, आणि तेथेही समानता आढळल्यास रिंगणावरील नियंत्रण लक्षात घ्यावयाचे. केवळ खाली पाडणे म्हणजे परिणाम नव्हे, त्यातून पुढे काय साधले हे महत्त्वाचे, असेही स्पष्ट करण्यात आले. ही सुधारणा निःसंशय हितावह आहे. मात्र प्रतिस्पर्ध्याला चार मिनिटे जाळीशी दाबून धरणारा पुढे जाताना दिसतो, म्हणून प्रेक्षक व समालोचक अजूनही फेरी त्याच्या नावे टाकतात, आणि परीक्षकाने नियमाला धरून निराळे मत दिले की ओरड होते. काही निर्णय वाईट म्हणून नव्हे, तर नियम ठाऊक नसल्यामुळे वाईट ठरविले जातात.

परिणाम मोजावा कसा, याचा खल २४ ऑक्टोबर २००९ रोजी लॉस अँजेल्स येथील ल्योतो माचिदा व माउरिस्यू रुआ यांच्या लढतीनंतर जोरात झाला. रुआने पाचही फेऱ्या माचिदाच्या मांड्यांवर व धडावर सातत्याने लाथा मारल्या; तिन्ही परीक्षकांनी मात्र ४८–४७ असा माचिदालाच कौल दिला. चेहऱ्यावरील ठोशाची खूण लगेच उमटते. मांडीवरील लाथेचा परिणाम साचत जातो व दुसऱ्या दिवशी चालताना कळतो. मे २०१० मध्ये माँट्रिऑल येथे दोघांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा रुआने पहिल्याच फेरीत माचिदाला निपचित पाडून परीक्षकांचे काम वाचविले. टेक्सस राज्यात ह्यूस्टन येथे ८ फेब्रुवारी २०२० रोजी झालेल्या जॉन जोन्स व डॉमिनिक रेयेस यांच्या लढतीतही असाच प्रकार घडला. पूर्वार्ध रेयेसचा व उत्तरार्ध जोन्सचा, असे पाहणाऱ्या बहुतेकांना वाटले. दोन परीक्षकांनी ४८–४७ असा जोन्सच्या बाजूने दिलेला कौल त्यामुळे विवाद्य असला, तरी समजण्यासारखा होता. तिसऱ्याने मात्र रेयेसला एकच फेरी देऊन ४९–४६ असे गुण मांडले. त्या राज्यात या लढतींचे नियमन ज्या शासकीय विभागाकडे आहे, तोच विभाग केशकर्तनकारांना व विजेची कामे करणाऱ्यांनाही परवाने देतो. परीक्षकांच्या विशेष प्रशिक्षणाबाबत राज्याराज्यांत तफावत का आढळते, याची यावरून थोडीशी कल्पना येईल.

परीक्षकांची बाजूही पाहिली पाहिजे. तो अष्टकोनी रिंगणाच्या एका बाजूस बसतो. मध्ये जाळी असते, खांब असतात, पंचाची पाठ आड येते. जमिनीवरील झटापट पलीकडच्या कोपऱ्यात चालू असेल, तर त्याला दिसतात ते एकाचे खांदे व दुसऱ्याचे पाय. आता परीक्षकांपुढे दूरचित्रवाणी पडदे ठेवले जातात, त्याने ही अडचण बरीच कमी झाली आहे. तरीही तीन परीक्षक तीन कोनांतून पाहतात आणि काही वेळा खरोखरच तीन भिन्न लढती पाहतात. घरच्या खेळाडूच्या प्रत्येक हालचालीसरशी उसळणारा प्रेक्षकांचा आवाज हा आणखी एक घटक होय. जून २०१४ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात ॲल्बकर्की येथे तेथील रहिवासी डिएगो सांचेझ व इंग्लंडचा रॉस पिअरसन यांच्यात लढत झाली. एका परीक्षकाने तिन्ही फेऱ्या पिअरसनला, दुसऱ्याने तिन्ही सांचेझला दिल्या. तिसऱ्याच्या २९–२८ या मतामुळे सांचेझ विजयी ठरला. क्रीडासमीक्षकांचा कल मोठ्या प्रमाणावर पिअरसनकडे होता. एकाच पंधरा मिनिटांबद्दल ३०–२७ व २७–३० अशी मते पडतात, तेव्हा निदान एका परीक्षकाचे मापन चुकलेले असते, हे नाकारता येत नाही.

लढवय्याच्या दृष्टीने या चुकीची किंमत फार मोठी असते. नवोदितांच्या करारात सामान्यतः लढण्याबद्दल एक रक्कम आणि जिंकल्यास तितकीच आणखी रक्कम, अशी तरतूद असते. विभाजित निर्णयात एका परीक्षकाने एका फेरीबाबत वेगळा विचार केला, की त्या रात्रीची कमाई निम्मी होते. वर्षाकाठी दोन किंवा तीन लढती मिळणाऱ्या आणि त्यातूनच प्रशिक्षक, व्यवस्थापक व वैद्यकीय तयारी यांचा खर्च भागविणाऱ्या माणसास ही हानी सोसणे अवघड जाते. लागोपाठच्या पराभवांनी करारच संपुष्टात येण्याची भीती असते, ती वेगळीच. दाद मागण्याचा मार्गही अरुंद आहे. नेव्हाडाच्या नियमांप्रमाणे परीक्षकांचा निर्णय संगनमत, गुणांच्या बेरजेतील चूक किंवा नियमांचे स्पष्ट उल्लंघन या कारणांसाठीच बदलता येतो. परीक्षकाचे मत चुकले, हे त्यासाठी पुरेसे कारण नाही. निकाल परीक्षकांवर सोपवू नये, हे या खेळातील प्रशिक्षकांचे नित्याचे सांगणे या पार्श्वभूमीवर समजून घ्यावयाचे. जिवावर उदार होऊन अनावश्यक धोका पत्करण्यास ते प्रवृत्त करते, हा त्याचा दुसरा अर्थ.

पर्यायी पद्धती : जपानमधील ‘प्राइड’ या स्पर्धेने (१९९७–२००७) फेरीवार गुण न देता संपूर्ण लढतीचा एकत्रित निवाडा करण्याची पद्धत राबविली. लढत संपविण्याचा प्रयत्न कोणी केला, यास तीत अग्रक्रम असे. सिंगापूरस्थित ‘वन चँपियनशिप’ या संस्थेनेही मिश्र युद्धकलेत हीच वाट धरली. शेवटच्या मिनिटांत बाजी उलटविणाऱ्यास त्यामुळे न्याय मिळतो. उलट परीक्षकाच्या मनावर शेवटच्या फेरीचाच ठसा राहण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतील कॅन्ससच्या आयोगाने २०२० साली प्रत्येक फेरीनंतर गुण जाहीर करण्यास परवानगी दिली व त्याच वर्षी मार्चमध्ये ‘इन्व्हिक्टा’ या महिलांच्या स्पर्धेत ही पद्धत वापरण्यात आली. आपण मागे आहोत हे कळलेला लढवय्या शेवटच्या फेरीत जोर करील, हा तिचा फायदा. पुढे असलेला पळ काढीत राहील, हा आक्षेप. गुण मोजण्याचे काम यंत्रावर सोपवावे, असेही सुचविले जाते. हौशी मुष्टियुद्धाने तो प्रयोग केला आहे. सोल ऑलिंपिकच्या (१९८८) अंतिम लढतीत रॉय जोन्सला पार्क सी-हूनविरुद्ध पराभूत ठरविण्यात आल्यानंतर उसळलेल्या क्षोभामुळे १९९२ पासून परीक्षकांना कळ दाबून ठोसे मोजण्याची यंत्रणा देण्यात आली. त्यामुळे नेमका लागलेला हलका ठोसा व हादरवून सोडणारा ठोसा यांचे मोल सारखेच झाले आणि खेळ टोचाटोचीचा बनला. २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये दहा-गुणी पद्धत आणली गेली, तर तेथेही निर्णयांवरून वाद होऊन काही पंच व परीक्षकांना स्पर्धा चालू असतानाच घरी पाठवावे लागले.

भारतात या खेळाचे नियमन करणारा अमेरिकी धर्तीचा वैधानिक आयोग नाही. खाजगी संस्था व महासंघ आपापले पंच व परीक्षक नेमतात. २०१२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सुपर फाइट लीग’मुळे हा खेळ येथील प्रेक्षकांना बऱ्याच प्रमाणात परिचित झाला. यूएफसीमध्ये लढत जिंकणारी पहिली भारतीय खेळाडू उत्तर प्रदेशची पूजा तोमर ही होय. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे ८ जून २०२४ रोजी तिने ब्राझीलच्या रायान दुस सांतुसवर मिळविलेला हा विजय विभाजित निर्णयाचा होता. एका परीक्षकाने ३०–२७ असा पूजाला, दुसऱ्याने ३०–२७ असाच तिच्या प्रतिस्पर्ध्याला कौल दिला, आणि तिसऱ्याने २९–२८ अशी पूजाची सरशी नोंदविली.